माझी जमीन, दादाचं छत

नवऱ्याचं घर सोडून मी अंबरनाथला माहेरी आले, तेव्हा दादा एवढंच म्हणाला, "वर बांध आणि राहा." बाकीचे बरंच काही बोलले, पण मी तेवढंच वाक्य उचललं आणि कामाला लागले.

पालेगावच्या बाजूचं आमचं घर वडिलांनी बांधलेलं. विटांच्या भिंती, पाया जेमतेम. सिमेंटचा जाड स्लॅब या भिंतींना झेपणार नाही, असं इंजिनिअरने सांगितलं. मग मी हलका मार्ग काढला. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एक जुनी लष्करी बराक पाडत होते, तिथल्या सागाच्या तुळया विकत आणल्या. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर प्लास्टिकचा कागद, त्यातून डोकं वर काढून उभे जाड स्क्रू आणि त्यांना धरून बसेल असा सिमेंटचा पातळ थर. लाकूड आणि सिमेंट, दोघांनी मिळून भार उचलायचा.

गल्लीने नाकं मुरडली. "लाकडावर सिमेंट? नवरा टिकला नाही, निदान घर तरी टिकू दे," असं एक शेजारीण माझ्या तोंडावर म्हणाली. मी तिला चहा दिला आणि म्हटलं, "टिकेल. या वेळी लाकूड ठोकून बघून घेतलंय."

मी एमआयडीसीत लाकडी खोकी बनवणाऱ्या कारखान्यात आहे. सुया टोचून लाकडातला ओलावा मोजायचं छोटं यंत्र दिवसभर माझ्या हातात असतं. त्यामुळे सिमेंट ओतलं त्या दिवशीच मी घरी बजावलं होतं, वर फक्त ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक. आणखी पाणी नको.

पण आमच्याकडे स्लॅब पडला की त्याला पाणी पाजतात. कडेने आळी बांधायची, वर तळं करायचं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारायचं, "पाणी मारलं का?" आईला माझं गोणपाट म्हणजे चिक्कूपणा वाटला. मी कामावर गेल्यावर तिने आळी बांधली आणि वर बादल्या ओतल्या. स्क्रूंच्या भोकांतून पाणी खाली उतरलं. संध्याकाळी मी आले तर हॉलच्या छताच्या तुळया काळ्या पडल्या होत्या. आई कौतुकाने म्हणाली, "बघ, पोटभर पाजलंय तुझ्या स्लॅबला."

मी ओरडले. भरपूर ओरडले. मग वर जाऊन पाणी उपसलं.

हॉलमध्ये तुळयांखाली मिस्त्रीचे टेकू उभे होते, ते काढायचे नाहीत असं मी सांगून टाकलं. ओल्या लाकडावर वजन पडलं की ते वाकतं, आणि वाकलेलं लाकूड वाळलं तरी पुन्हा सरळ होत नाही. त्याला वारा हवा आणि सवड हवी. तेवढ्यात दादाच्या मुलीचं, माझ्या भाचीचं, लग्न जमलं आणि साखरपुडा आमच्याच घरी ठरला.

दादाने उल्हासनगरहून पीव्हीसी सीलिंगवाला आणला. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, नीचे से पूरा पॅक कर दूँगा. कुछ नहीं दिखेगा."

"दिसू देत," मी म्हटलं.

दादा चिडला. "बदलापूरहून मुलाकडचे लोक येणार. त्यांना काय टेकूंमध्ये बसवू? ते काढ, वर पांढरं सीलिंग मारू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ खुशाल झाक. ओलं लाकूड झाकलं की कुजतं."

"चार दिवसांचा प्रश्न आहे गं. नंतर काढू."

"आपल्या गल्लीत लागलेलं सीलिंग कोणी कधी काढलंय?"

"हॉल माझा आहे," दादा म्हणाला. "फार झालं तर वरचं सगळं पाडून टाकीन."

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? मागे परतायला घर नव्हतं, आणि पुढचं घर अजून ओलं होतं. पण राग त्याहून मोठा होता. सासरी मी वर्षानुवर्षं झाकझाक करून संसार केला, आणि आत काय कुजतंय ते मलाच माहीत होतं. शिडीवर चढून मी भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला सुया टोचल्या आणि यंत्र दादापुढे धरलं. त्याने पाहिलंच नाही. "छत तुझं असेल दादा," मी म्हटलं, "पण तीच माझी जमीन आहे." आणि शिडीवरच बसून राहिले. सीलिंगवाला थोडा वेळ थांबला, मग पट्ट्या उचलून गेला. त्यानंतर साखरपुड्यापर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही.

साखरपुड्याच्या सकाळी मी हॉलमध्ये आले तर खिडक्या सताड उघड्या, पंखे चालू, आणि आई स्टुलावर उभी राहून टेकूंना झेंडूच्या माळा गुंडाळत होती. मी जाऊन स्टूल धरलं.

बुद्धवंदना झाली, पाहुणे टेकूंच्या मधेच बसले. चहा पिता पिता भाचीच्या होणाऱ्या सासूबाईंची नजर वर गेली. काळे डाग बघून त्यांनी विचारलं, "सीलिंग नाही केलंत?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, इतक्यात आई बोलली.

"नाही केलं. वर माझी लेक राहणार आहे. पाणी मी पाजलंय. वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही."