न म्हटलेलं आमेन

कर्जतच्या आमच्या प्रार्थनाघरात ती दर रविवारी कोंडाण्याच्या वरच्या वाडीतून चालत यायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माथेरानच्या हॉटेलात भांडी घासायला गेलेला तिचा मुलगा दोन वर्षं बेपत्ता होता. डोक्यावर पदर घेऊन ती दाराजवळ बसायची आणि प्रार्थनेतही डोळे उघडे ठेवून रस्त्याकडे बघायची. शेवटी सगळे आमेन म्हणायचे, तेव्हा ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. मी तर मटणाच्या रांगेच्या घाईनं, घड्याळाकडे बघतच आमेन म्हणायचो.

एकदा मी विचारलं, "मावशी, तुम्ही आमेन का नाही म्हणत?"

"तुमचं मागून झालं, तुमी म्हना," ती म्हणाली. "माजं मागनं अजून सरलं नाय."

गेल्या दिवाळीनंतर लाकडं गोळा करणाऱ्या बायकांना माथेरानखालच्या दरीत हाडं सापडली. मनगटातल्या कड्यावरून तिनं मुलाला ओळखलं. आता ती कशाला येतेय, असं आम्हाला वाटलं.

रविवारी ती आली. दाराकडे पाठ करून बसली. प्रार्थना संपली आणि सगळ्यांच्या आधी तिचा आवाज आला, "आमेन."

मला त्या दिवशी ते म्हणता आलं नाही.