राखणीची लुगडी

नानाजी धकात्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता, स्वतःचे डोळे आणि स्वतः मारलेली गाठ. बाकी सगळं, बायकोसकट, तपासून घ्यायचं. हा स्वभाव हातमागानं दिलेला. उमरेडच्या घरात माग होता तेव्हा एक धागा तुटला तरी नानाजी आधी मागाखाली मांजर शोधत, मग पोरं, मग शेजारी. पुढे माग बंद पडला, मांजर गेलं, शोधायची सवय तेवढी राहिली.

गेल्या पावसाळ्यापासून ते कोळसा खाणीच्या मातीच्या डोंगरावर राखणदार होते. खाणीनं पोटातून उपसून टाकलेली ती माती, तिच्यावर गवतही धड उगवत नसे. एका संस्थेनं तिथं करंज, आवळा, बेहडा लावून पुन्हा जंगल उभं करायचं मनावर घेतलं. रोपं जगलीसुद्धा. गुडघ्याएवढी झाली आणि फेब्रुवारीत कोणीतरी त्यांचे शेंडे खायला लागलं.

"चितळं असतील, नानाजी," संस्थेच्या मयुरी मॅडम म्हणाल्या. "जंगल काय लांब आहे इथून?"

"चितळ म्या इथं कधी पायलं नाही, मॅडम. बकऱ्या रोज पायतो."

बकऱ्या बाबारावच्या. बाबाराव जुना दोस्त. डोंगराच्या पायथ्याशी बकऱ्या चारायचा, आणि दुपारी दोघं एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे. नानाजींनी तुटके शेंडे पाहिले, लेंड्या पाहिल्या. चितळाच्या लेंड्याही तशाच दिसतात, असं मॅडमनी सांगितलं होतं. तेवढं नानाजींनी ऐकलं नाही. दुपारी बाबारावनं पुडी पुढं केली तर म्हणाले, "दात दुखून राहिला."

"काल त फुटाणे फोडून राहिला होता गा!"

 नानाजी बकऱ्यांच्या तोंडाला हिरवं काही चिकटलंय का ते बघत होते.

"शनिवारी आपले मोठे साहेब येतायत," मॅडम म्हणाल्या. "बकऱ्याच असतील तर तसं सांगा, पायथ्याची चराई बंद करू. पण तुमच्या शब्दावर करणार आहोत. नीट पाहून सांगा."

बाकीचं शिवार खाणीनं गिळलेलं. पायथा गेला की बाबारावला बकऱ्या विकण्यावाचून इलाज नव्हता. हे नानाजींना ठाऊक होतं, म्हणून पुरावा पक्का हवा होता. आणि तोवर रोपं वाचवायची होती.

डुक्कर येऊ नये म्हणून लोक शेताला जुनी लुगडी बांधतात. नानाजींनी तेच केलं, पण विणकराच्या रीतीनं. त्यांच्या पेटीत मागावरची शेवटची लुगडी होती, नागपूरच्या इतवारीतल्या व्यापाऱ्यानं परत पाठवलेली. आता असलं लोळागोळा कापड कुंपणाला बांधणं त्यांच्या जिवावर आलं. कापड कसं, ताठ पाहिजे, वाऱ्यात फडफडलं पाहिजे. त्यांनी बायकोला, तुळजाबाईला, कणीची पेज शिजवायला लावली, सुताला खळ द्यायचे तशी. मग बोट बुडवून चाखली.

"मीठ टाक वं."

"काहून? लुगडं जेवाले बसून राहिलं का?"

"आमच्या बाच्या खळीत मीठ राहे. चांगलं मूठभर टाक."

लुगडी ताठ झाली, डोंगरावर झेंड्यांसारखी फडफडली. आणि दोन-चार दिवसांत, जिथं लुगडी होती नेमकी तिथलीच रोपं पार बुंध्यापर्यंत साफ झाली.

आता नानाजींना शंका उरली नाही. जनावराला लुगड्यातलं काय कळतं? हे माणसाचं काम. खर्रा नाकारला त्याचा सूड! बाबाराव मुद्दाम बकऱ्या तिथं आणून सोडतो.

शनिवारी उजाडताना ते मोबाईल सरसावून एका मोठ्या दगडाआड बसले. खालून बकऱ्यांच्या घंट्या वाजल्या. नानाजी मनातल्या मनात हसले. आला!

पण आवाज मागून आला, कापड ओढल्याचा. त्यांनी मान वळवली. एक चितळाची मादी हिरव्या लुगड्याचा काठ चाटत होती. चाटून झाल्यावर तिनं तो तोंडात धरला आणि डोळे अर्धे मिटून चघळला. मागं आणखी दोघी आपापल्या पदराशी. काठ चघळून झाला तशी ती खाली वाकली आणि जेवणावर बडीशेप खावी तसा आवळ्याचा शेंडा खुडला. त्यांच्यामागं बाबाराव दिसतो का, तेही नानाजींनी पाहून घेतलं. तो खालीच होता, बकऱ्यांसोबत. फोटो काढायचा राहूनच गेला.

चितळं गेल्यावर त्यांनी उरलेल्या पदराला जीभ लावली. मीठ बरोबर पडलं होतं.

साहेब आले. "बोला, बकऱ्याच ना?"

पायथ्याशी बाबाराव काठीवर हनुवटी टेकून वर बघत होता. हो म्हणणं फार सोपं होतं.

"नाही, साहेब. चितळं हायेत." नानाजींनी चघळलेला काठ पुढं केला. "अन् त्याईले जेवाले म्याच बोलावलं. खारी पेज वाढून."

साहेबांना काही कळलं नाही. मॅडमना कळलं, त्या हसू लपवायला डोंगर पाहू लागल्या. मग लुगडी काढून रोपांभोवती बोरीच्या काट्या लावायचं ठरलं.

नानाजी खाली उतरले. "खर्रा दे गा."

"दात?"

"बरा झाला."

बाबारावनं पुडी दिली, पण बोट वर रोखून. "आधी ते लुगडे धुऊन काढ. वारा खाली आला का माह्या बकऱ्या वरतंच पाहून राहतात."

नानाजींनी खर्रा गालात धरला आणि बकऱ्यांकडे वळून पाहिलं. एक पांढरी खरंच वर बघत होती. त्यांनी तिला नीट लक्षात ठेवलं.