लिथो कोण शिकवतं?

अमरावतीच्या राजापेठेत सरकीच्या ढेपेच्या एका दुकानामागे चार खोल्या होत्या, त्यात आमचं नवरेखा कलाविद्यालय भरायचं. शिकवणारी माणसं दोनच. किसनराव बोंडे यांना आम्ही सर म्हणायचो आणि अब्दुल गफ्फार यांना मास्तर. सर मुंबईची पदविका घेऊन आलेले. मास्तर उर्दू चौथी शिकलेले. मी तिथे १९६० च्या जूनमध्ये दाखल झाले, मॅट्रिक होऊन. मूर्तिजापूरची मनकर्णा तायडे. वडील शकुंतला या छोट्या रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. आमच्या घरात चित्रकला हा शब्दही कोणी उच्चारला नव्हता. पण ड्रॉइंग टीचरची परीक्षा पास झाली की सरकारी शाळेत नोकरी लागते, एवढं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी फ्रेझरपुऱ्यात मावशीकडे राहून शिकायला लागले.

मास्तरांची हकीकत आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळली. अकोल्यात एका लिथो छापखान्यात त्यांनी पंचवीस वर्षं काढली होती. लिथो म्हणजे दगडावरून छापणं. गुळगुळीत घासलेल्या दगडावर तेलकट शाईने उलटं लिहायचं, उलटं काढायचं आणि त्यावरून कागदावर सुलटं उतरवायचं. कापसाच्या गाठींवरचे छाप, लग्नपत्रिका, मुशायऱ्याची इश्तिहारं, सगळं मास्तरांच्या हातचं असायचं. बाळबोध लिपी असो की उर्दू, ते दोन्ही उलट्या बाजूने इतक्या वेगाने लिहायचे की बघणाऱ्याला आपलेच डोळे फिरल्यासारखं वाटे.

त्याच छापखान्यात किसनराव शाळकरी वयात चित्रं पाहायला येऊन बसत. त्यांच्या हातात पहिला लिथोचा खडू मास्तरांनी दिला. मॅट्रिकच्या वर्षी गावाकडे साथीचं दुखणं आलं, तेव्हा किसनराव आठ महिने जठारपेठेजवळच्या मास्तरांच्या दोन खोल्यांत राहिले. मास्तरांच्या बायकोच्या, हाजराबींच्या हातचं जेवले. हे खुद्द सरच पहिल्या दिवशी आम्हाला सांगायचे. "गफ्फारभाई नसते तर मी आज कुठेतरी तलाठी असतो," असं म्हणून ते मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवत.

पंचावन्न साली तो छापखाना बंद पडला. मालकाने दगड मोडीत काढले, तेव्हा मास्तरांनी अकरा दगड आणि हाताने फिरवायचा प्रेस मागून घेतला. सर तेव्हा अमरावतीला शाळा काढायच्या खटपटीत होते. ते अकोल्याला गेले आणि म्हणाले, "चला गफ्फारभाई. मी चित्र शिकवतो, तुम्ही छाप शिकवा. शाळा आपल्या दोघांची." मास्तर बिऱ्हाडासकट आले.

पहिल्या वर्षाच्या वर्गाला मास्तरच घ्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर एक मातीची सुरई ठेवली आणि म्हणाले, "काढा." आम्ही काढली. त्यांनी सगळ्यांचे कागद पाहिले. माझ्या कागदाजवळ थांबले.

"हे का काढलंस पोरी?"

"सुरई."

"सुरई तुले माहीत हाय, म्हनून काढली. पाह्यली कुठं? तिचं तोंड तुह्या जाग्यावरून गोल दिसते का?"

मी पाहिलं. तोंड गोल नव्हतं, चपटं होतं, लांबट. इतकी वर्षं घरात सुरई होती आणि मला ते दिसलं नव्हतं.

"डोळ्याले दिसते ते काढ. डोकस्यात हाय ते मंग काढजो," ते म्हणाले. पुढचे पंधरा दिवस आम्ही फक्त सुरई, दोरखंड आणि खुर्चीवर टाकलेलं पांढरं फडकं काढत होतो.

दगडाकडे जायला दिवाळी उजाडली. त्याआधी घासायला शिकवलं. एका दगडावर बारीक रेती आणि पाणी टाकायचं, त्यावर दुसरा दगड ठेवायचा आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवत राहायचा. मनगटं सुजायची. आमच्या वर्गातला देवीदास इंगोले एकदा कंटाळून म्हणाला, "मास्तर, हे तं शिपायाचं काम हाय."

"हे दगडाचं काम हाय," मास्तर म्हणाले. "त्याच्या अंगावर मागच्याचं चित्र राह्यलं तं तुह्यं उमटन कसं?"

मग त्यांनी सगळी क्रिया समजावली. चित्र काढून झालं की बाभळीच्या डिंकाचं पाणी आणि थेंबभर तेजाब, म्हणजे ॲसिड, लावायचं. दगड ओला करायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेघेवरच धरते. "तेलाचं न् पान्याचं जमत नाई, त्याच्यावर आपलं सारं दुकान चालून राह्यलं," ते म्हणाले आणि हसले. मी काढलेलं मूर्तिजापूरच्या स्टेशनावरच्या पाण्याच्या हौदाचं चित्र जेव्हा कागदावर उतरलं, तेव्हा त्यांनी कागदाची दोन टोकं चिमटीत धरून तो सावकाश उचलला आणि माझ्या हातात दिला. माझ्या घरातल्या कोणाच्या हातून आजवर असं काही घडलं नव्हतं. त्यांनी तो छाप वर्गाच्या भिंतीवर लावला. दुसऱ्या वर्षापासून नव्या मुलांना शाईचा रोलर कसा धरायचा ते दाखवायला ते मलाच बोलवत. "मनकर्णेले इचारा," असं म्हणत.

शाळेला सरकारची मान्यता नव्हती. मान्यता नसेल तर आमची परीक्षा नाही, परीक्षा नाही तर नोकरी नाही. सरांनी तीन वर्षं खेटे घातले. शेवटी बासष्टच्या जानेवारीत तपासणी समिती येणार असं पत्र आलं.

समिती यायच्या दोन दिवस आधी सरांनी दुसऱ्या वर्षाच्या आम्हा सात जणांना त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर टाईप केलेला एक कागद होता. "या शाळेत रेखाटन, रंगकाम आणि मुद्राचित्रण हे सर्व विषय श्री. किसनराव बोंडे स्वतः शिकवतात," असं त्यात लिहिलं होतं. मुद्राचित्रण म्हणजे छापाचं काम, आमचं लिथो. खाली सह्यांसाठी जागा.

देवीदासने विचारलं, "पन सर, लिथो तं मास्तर..."

"मला माहीत आहे," सर म्हणाले. "गफ्फारभाईंकडे कसलंच प्रमाणपत्र नाही. त्यांचं नाव शिक्षक म्हणून लावलं तर अर्ज पहिल्याच पानावर फेकतील. ही नुसती कागदाची बाब आहे. शाळेत त्यांची जागा तीच राहील."

"मास्तरायले सांगतलं का?" मी विचारलं.

"सांगितलंय," सर म्हणाले.

ते खोटं होतं. पण खात्री करायला मी मास्तरांकडे गेले नाही. वडिलांनी दोन वर्षं मला घरी कामाला न लावता इथे ठेवलं होतं. गावात लोक विचारत होते, पोरगी चित्रं काढून काय करणार. सरांनी पेन माझ्यापुढे धरलं. पहिली सही मी केली.

समितीत तिघं होते. त्यांतले पांढऱ्या टोपीचे वयस्क गृहस्थ प्रमुख होते. वर्ग पाहून झाले आणि ते छापाच्या खोलीत आले, तेव्हा मास्तर पहिल्या वर्षाच्या मुलांना दगडावरून छाप कसा घेतात ते दाखवत होते. धुतलेला पांढरा कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत. ते स्पंज फिरवत होते, रोलर फिरवत होते आणि मधेच मुलांना सांगत होते, "घाई नोका करू. शाई बसू द्या." पाहुणे उभे राहून ऐकत राहिले.

"वा!" प्रमुख सरांना म्हणाले. "हे गृहस्थ कोण?"

सर म्हणाले, "हे आमचे शिपाई. दगड घासतात, प्रेस फिरवतात. हुशार आहेत."

मास्तरांचा रोलर थांबला नाही. पण ते मुलांशी बोलायचे थांबले.

प्रमुखांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण हे तर शिकवताना दिसतात. शिकवत असतील तर तसं लिहा. जुन्या कारागिरांना अनुभवावर सूट मिळते. कारागीर-शिक्षक म्हणून शिफारस करता येते मला."

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते हो म्हणतील. एवढं सोपं झालं होतं. पण अर्ज आधीच गेला होता. त्यात मुद्राचित्रणाचा अभ्यासक्रम होता, मास्तरांनी तोंडी सांगितलेला आणि सरांनी स्वतःच्या नावाने छापलेला. ते म्हणाले, "नाही, नाही. शिकवतो मीच. विद्यार्थ्यांनी तसं लिहूनही दिलंय."

प्रमुखांनी फाईलमधून कागद काढला. चष्मा सरकवून पहिलं नाव वाचलं. "मनकर्णा तायडे कोण?"

मी हात वर केला.

"ही सही तुमची?"

"हो."

"मग सांगा, इथं लिथो कोण शिकवतं?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. उत्तर ठाऊक असलेला माणूस जसा स्वस्थ बघतो, तसे. मी म्हणाले, "बोंडे सर."

मास्तरांनी प्रेसचा दांडा फिरवला, कागद उचलला, पाहुण्यांच्या हातात दिला आणि हात धुवायला मागच्या नळावर गेले.

संध्याकाळी मी स्पंज धुवायच्या निमित्ताने नळापाशी उभी होते. शेजारच्या खोलीत दोघं होते. दार उघडंच होतं.

"काहून केलं असं, किसनराव?"

"गफ्फारभाई, शाळा वाचली. तुम्हाला कोण काढतंय? तुम्ही होता तिथेच आहात."

"तो मानूस जागा देऊन राह्यला होता मले. तुमच्यासमोर. तुमी नाई म्हनलं."

"अर्जात एक आणि तोंडी दुसरं, असं सांगितलं असतं तर माझं काय झालं असतं?"

"मंग तुमाले तुमचं पाह्यचं होतं, हे बोला. शाळेचं नाव काहून घेता?"

आतून फाईल बंद केल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "मले इचारलं असतं तं मी सोताच म्हनलो असतो, शिपाई लिवा. पोट्ट्यायची परीक्षा व्हते तं लिवा. तुमी इचारलंच नाई."

ते बाहेर आले. मी समोरच होते. मी म्हणाले, "मास्तर, सर म्हनले होते का तुमाले सांगतलं..." ते माझ्या बाजूने निघून गेले. चप्पल घालायलासुद्धा थांबले नाहीत. ती हातात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. हाजराबींनी सामान बांधलं आणि आठवड्यात ते अकोल्याला परत गेले. दगड मात्र त्यांनी नेले नाहीत. देवीदास त्यांना गाडीवर सोडायला गेला होता. त्याच्यापाशी त्यांनी निरोप दिला, "परीक्षा होऊ द्या तुमची. मंग नेईन."

मान्यता मिळाली. त्या दगडांवरच आम्ही परीक्षा दिली आणि सातही जण पास झालो. मग मास्तरांनी दगड आणि प्रेस परत मागणारं पत्र टाकलं. एक नाही, तीन. सर म्हणायचे, वस्तू संस्थेची आहे, समितीने पाहिलेली आहे, आता हलवता येत नाही. दगड तिथेच राहिले. पण नव्या मुलांना कोणी घासायला शिकवलं नाही. डिंक किती पातळ करायचा हे सरांना माहीतच नव्हतं. छाप काळे, चिखलासारखे यायला लागले. दोन वर्षांत प्रेसवर कपाटातल्या फायली जाऊन बसल्या. बोंडे सरांचं नाव मात्र वाढत गेलं. वऱ्हाडात मुद्राचित्रण आणणारे म्हणून त्यांचे सत्कार झाले. एकदा मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत बसले होते.

मला अकोल्याला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. मास्तरांचं घर माझ्या शाळेपासून पंधरा मिनिटांवर होतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. जायला मला पाच वर्षं लागली.

सदुसष्टच्या उन्हाळ्यात गेले. मास्तर खिडकीपाशी बसून एका उर्दू साप्ताहिकाचा मजकूर लिहीत होते, नव्या तऱ्हेच्या छपाईसाठी सुलट, बोरूने. डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा आला होता. त्यांनी मला लगेच ओळखलं. "ये मनकर्णा. बस," म्हणाले. हाजराबींनी चहा ठेवला.

मी तयारी करून गेले होते. सगळं सांगितलं. सर खोटं बोलले ते, वडिलांचं, परीक्षेचं. सांगता सांगता रडले. शेवटी म्हणाले, "मास्तर, माफ करा मले."

त्यांनी बोरू शाईत बुडवला. निथळू दिला. "माफ केलं म्हनलो तं खोटं होईन," ते म्हणाले. "तुह्या बापाचं समजते मले. पोटासाठी सही केली, तेही समजते. पन त्या मानसानं तुले तोंडानं इचारलं होतं. मी तुह्यासमोर उभा होतो."

"हो."

"मंग?"

मी म्हणाले, शिक्षण खात्याला पत्र लिहिते, खरं काय ते सगळं. ते म्हणाले, "लिव. पन मह्यासाठी नोको लिवू." आणि पुन्हा ओळ लिहायला लागले.

पत्र मी लिहिलं. उत्तर आलं नाही.

त्या दिवशी हाजराबी मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. उन्हात डोक्यावर पदर घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या. "अजून येजो म्हनत नाई मी," त्या म्हणाल्या. "तू गेल्यावर त्याईले दोन दिवस झोप नाई लागनार, मले माहीत हाय. किसनरावचं नाव निघालं तं ते आता हसतेत. तो तसाच व्हता, म्हनतेत, मलेच उशिरा समजलं. पन तुह्यं नाव मी या घरात पाच वर्सं काढलं नाई."

मी मान हलवली आणि शाळेच्या दिशेने चालायला लागले.