मिनलचा एकच कागद

निगडीच्या ओटा स्कीम वस्तीतल्या बायका मिनलची थट्टा करतात, की हिच्याकडे जगात एकच कागद आहे. थट्टा असली तरी खोटं काही नाही. कापड बेतायचं खाकी कागदाचं एक पेपर कटिंग, घड्यांवर मऊ पडलेलं, चार ठिकाणी चिकटपट्टी लावलेलं, तिच्या शिलाई मशीनच्या वर खिळ्याला लटकत असतं. त्यात आहे काय, तर गुडघ्याखाली जाणारा एक साधा सरळ ड्रेस. पण मिनल कागद कमरेशी दुमडते आणि टॉप होतो, खाली वाढवते आणि पायघोळ होतो, पुढून उभा कापते आणि बाळंतिणीच्या सोयीचा होतो. तिची लेक नेहा माणच्या आयटी कंपनीत याच कागदातले टॉप घालून जाते आणि मैत्रिणींनी विचारलं तर खुशाल कुठल्याशा ब्रँडचं नाव ठोकून देते. मिनलला त्याचा राग नाही. उलट ऐकून बरं वाटतं.

शिवणकाम तिला नवं नव्हतं. सतरा वर्षं तिने चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली. निगडीहून पहाटेची कंपनीची बस, डब्यात भाकरी, आणि दिवसभर सुपरवायझरचा एकच धोशा, ओढून शिवा. कव्हर ढिलं राहिलं की सीटवर सुरकुती पडायची आणि सुरकुती पडली की पीस परत यायचा. मिनलचा एकही पीस कधी परत आला नाही. तीन वर्षांपूर्वी कंत्राट संपलं, तेव्हा चार दिवस ती घरात नुसती बसली, पाचव्या दिवशी मशीन आणलं आणि दारावर पाटी लावली. आता तिला कुणी विचारलं, कसं चाललंय, तर म्हणते, मजेत. आणि खरंच मजेत असते.

यंदा मात्र घरात एक काटा रुतून बसला होता. फेब्रुवारीत तिची सासू तानुबाई मोरीत घसरली आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. एका हाताने साडी कशी नेसणार? मिनल म्हणाली, "आई, मी नेसवते की." त्यावर म्हातारीने असे डोळे वटारले की बस.

"मला कुणी नेसवायचं ते मी मेल्यावर. आत्ता न्हाई."

तेव्हापासून तानुबाई घरात परकर आणि मुलाचा, समाधानचा, जुना शर्ट घालून बसायची. पुढून बटणं, एका हातानेही लावता यायची. गाऊनचं नाव काढलं की म्हणायची, "गोणीत भरा मला, आन् न्या कुठं न्यायचं तिथं." दाराबाहेर मात्र पाऊल टाकत नव्हती. सत्तरी ओलांडलेली ही बाई, जिचा आवाज विहाराच्या पायरीपर्यंत ऐकू यायचा, जिने तीस वर्षं बायकांची वंदना घेतली, ती तीन महिने विहाराकडे फिरकली नाही.

बुद्धपौर्णिमेला आठ दिवस उरले, तेव्हा महिला मंडळाची विजयश्री येऊन गेली. "तानुबाई, यंदा वंदना कोण घेणार?"

"तूच घे. तुझा बी गळा चांगला हाय," तानुबाई म्हणाली, आणि ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अर्धी भाकरी ताटात तशीच. विजयश्रीचा गळा चांगला नाही, हे सगळ्या ओटा स्कीमला ठाऊक आहे, आणि तानुबाईला तर सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी मिनल पिंपरी कॅम्पात गेली आणि पांढरं होजिअरीचं कापड घेऊन आली. पौर्णिमेला सगळे पांढरंच नेसतात. होजिअरी ताणली जाते, म्हणजे हात वर न करता बाही चढवता येईल, असा तिचा हिशोब. दुकानदाराने विचारलं, "बनियन शिवायचे का ताई?" मिनल म्हणाली, "हो, एकच. पण पायापर्यंत." आजवर तिने सुती कापडच शिवलं होतं. होजिअरीच्या वाटेला ती कधी गेली नव्हती, पण सीटची कव्हरं शिवलेल्या बाईला बनियनच्या कापडाची कसली भीती?

तिने कागद खिळ्यावरून काढला. होजिअरी अंगाबरोबर वाढते म्हणून बाजूंनी बोटभर आत घेतला, लांबी घोट्यापर्यंत वाढवली, गळा मोठा केला, उजवी बाही रुंद ठेवली. मग मशीनवर बसली आणि एका बैठकीत ड्रेस शिवून मोकळी झाली. उलगडून धरला मात्र, तिचं तिलाच हसावं की रडावं कळेना. खालची कड पापडासारखी लाटालाटांची झाली होती. बाजूच्या शिवणीही वळवळत होत्या.

"ही झालर कुणाला?" तानुबाई पलंगावरून म्हणाली. "मला लेझमीत नाचवायचंय व्हय?"

"तुमच्यासाठीच केलंय आई. तुमचं तुम्हाला घालता यावं म्हणून."

तानुबाई उठली, जवळ आली आणि डाव्या हाताने कड चाचपू लागली. बराच वेळ तिचं बोट त्या लाटांवरून फिरत राहिलं.

"कंपनी सुटली, पर तुझा हात अजून तितंच हाय," ती म्हणाली. "वढत हुतीस. मी बघत हुते. गोधडीला मी असं कधी वढलं का? दोरा वढला की गोधडी गोळा हुती. कापड काय पळून चाललंय? सोड त्याला, आपलं आपलं जाईल." आणि परत पलंगाकडे जाता जाता म्हणाली, "आन् पदर कुठाय? उघड्या डोक्यानं मी आजवर विहारात गेले न्हाई."

दारात ऐकत उभा असलेला समाधान दुसऱ्या दिवशी शिफ्टवरून येताना तसलंच कापड घेऊन आला. त्याने पिशवी मशीनवर ठेवली.

या खेपेला मिनलने कागदाच्या डाव्या खांद्याला वर्तमानपत्र चिकटवलं. खांद्यातूनच निघालेला लांब पदर, पाठीवर सोडलेला, डाव्या हाताने डोक्यावर ओढून घेता येईल असा. मशीनला बोथट टोकाची सुई लावली, कापडावरचा दाब हलका केला, कड ताणू नये म्हणून खाली कागदाची पट्टी घातली. सगळं सोपं होतं, अवघड होते ते तिचे स्वतःचे हात. सतरा वर्षांची सवय, ते आपसूक ओढू लागायचे. दर वेळी पलंगावरून आवाज यायचा, "सोड." दोन दिवस घरात तेवढा एकच शब्द चालू होता. मिनल एकदा वैतागून म्हणाली, "आमचा सुपरवायझर बरा होता आई." तानुबाई खुदकन हसली. तीन महिन्यांनी हसली.

पौर्णिमेच्या सकाळी तानुबाई ड्रेस घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. मिनल बाहेर उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आत काहीतरी पडलं, एक शिवी ऐकू आली. मिनलचा हात दाराकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. तिला त्या दहा मिनिटांत कंपनीतल्या सगळ्या तपासण्यांपेक्षा जास्त घाम फुटला.

दार उघडलं. पांढरीशुभ्र तानुबाई, डोक्यावर पदर, घोट्याशी सरळ पडलेली कड. कुणी नेसवलं नव्हतं. तिची ती तयार होऊन आली होती.

त्या दिवशी वंदना तिनेच घेतली. आवाज पायरीच्या पलीकडे, थेट रस्त्यापर्यंत गेला. नंतर बायकांनी घेरलंच, हे काय, कुठून घेतलं? विजयश्रीने तर पदराची शिवणच उलटून पाहिली. तानुबाई म्हणाली, "सुनेकडं कागद हाय. एकच हाय, पर त्यात समद्या बसत्यात."

घरी परतताना ती मिनलच्या हाताला धरून सावकाश चालत होती. कोपऱ्यावर आल्यावर थांबली.

"ऐक. मी मेल्यावर बी मला ह्योच घाल."

"आई, सणाच्या दिवशी हे काय बोलणं?"

"अगं, बोलू दे. त्या दिवशी माझा हात चालणार न्हाई. तवा तू घाल. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नगंस." तिने मिनलचा हात दाबला. "तुझा हात आता हलका झालाय."

मिनलने डोळे पुसले, सासूचा घसरलेला पदर नीट करायला हात उचलला, आणि या वेळी तानुबाईने तो करू दिला.