धबधब्याअलीकडचं वळण

जीप थांबवायची, इंजिन बंद करायचं, डोक्यावरची खाकी टोपी काढून स्टिअरिंगवर अडकवायची आणि मागे न बघता म्हणायचं, "आधी आयका, मंग पाहा." एवढंच त्याचं भांडवल. आणि एवढ्या भांडवलावर त्याने आम्हा सगळ्या ड्रायव्हरांच्या पोटावर पाय दिला.

जागा चिखलदऱ्याची. भीमकुंडाच्या अलीकडे एक वळण आहे. ते ओलांडल्याशिवाय धबधबा दिसत नाही, पण पावसाळ्यात त्याचा आवाज वळणाच्या अलीकडेच कानावर येतो. आता मला सांगा, हे काय त्याने शोधून काढलं होतं? आवाज देवाचा, वळण सरकारचं. पण अमरावतीत लोक त्याला 'तो ऐकवणारा ड्रायव्हर' म्हणायचे. आम्हाला नुसतंच ड्रायव्हर म्हणायचे.

ही पन्नास-साठ सालांमधली गोष्ट. एस. टी. अजून त्या घाटात फारशी चढत नव्हती. अंबा गेटाजवळ आमच्या भाड्याच्या मोटारी उभ्या असायच्या. पावसाळ्यात रविवार आला की कुणी वकील, कुणी डॉक्टर, कुणी सरकीचा व्यापारी घरच्यांसाठी दिवसभराची गाडी ठरवायचा. सकाळी अंबादेवीचं दर्शन, परतवाड्याला चहा, मग घाट, वर देवीचं गुहेतलं देऊळ, तलाव, भीमकुंड, आणि दिवेलागणीला घरी परत.

माझी मोटार काळी, तुकतुकीत. रोज सकाळी मी तिला आंघोळ घालायचो, पितळ चिंचेने घासायचो. गाद्या नव्या केल्या होत्या. त्याची जीप लष्कराच्या लिलावातली. दरवाजे नाहीत, ताडपत्री फाटकी, आणि आवाज असा की ती परतवाड्याला निघाली की अर्ध्या अमरावतीला कळावं. तरी लोक विचारत यायचे, "ते जीपवाले कुठे आहेत?" मी समोर उभा, मोटार समोर उभी, आणि विचारायचं त्याचं. अंगाचा तिळपापड व्हायचा.

दिसायला म्हणाल तर काही नाही. अचलपूरचा, उंच, जीपच्या छताखाली बसून बसून पाठीला बाक आलेला. उजवा हात बाहेर टाकून चालवायची सवय, म्हणून तो हात डाव्यापेक्षा काळा. कोटाच्या खिशात गूळ-फुटाणे. पोरांना घाटात मळमळायला लागलं की मूठभर द्यायचा. पोरं फुटाण्यांसाठी मुद्दाम मळमळल्यासारखं करायची, आणि तो ओळखूनही द्यायचा.

तलावावर गेला की त्याचं दुसरं पालुपद. पाय बुडवल्याबिगर तलाव पाह्यला असं होत नाही म्हणे. सगळ्यांना जोडे काढायला लावायचा आणि स्वतःही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्या रांगेत बसायचा. एकदा एक न्यायाधीश साहेब त्याच्या शेजारी पाण्यात पाय हलवत बसलेले मी पाहिले. आदल्या वर्षी हेच साहेब माझ्या गाडीतून आले होते. उतरताना मला म्हणाले होते, गाडी छान ठेवलीय. बस. मी वर्षभर ते वाक्य स्टँडवर सांगत होतो आणि इकडे साहेब त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले.

वर गवळ्यांची घरं आहेत, तिथे रबडी मिळते. माझ्या प्रवाशांना रबडी मिळायची. त्याच्या प्रवाशांना रबडी मिळायची आणि वर गवळीण कढईची खरवड काढून द्यायची. मी तिला एकदा स्पष्ट विचारलं, आमच्यासाठी खरवड उरत नाही का? ती म्हणाली, तुम्ही कधी मागितली? मागायची असते हे मला काय माहीत!

आणि हा माणूस गाडी सोडून जायचा. आम्हा ड्रायव्हरांचा नियम पक्का होता. प्रवासी गेले की आपण मोटारीजवळ थांबायचं, रेडिएटरमध्ये पाणी घालायचं, टायर बघायचे, विडी ओढायची, पडायचं. गाडी सोडायची नाही. तो मात्र जीप तशीच टाकून प्रवाशांच्या पुढे चालायला लागायचा. एकदा परत आला तर स्टेपनी गायब. आम्ही स्टँडवर पोट धरून हसलो. त्याने पुढे दुसरी स्टेपनी घेतलीच नाही. म्हणाला, "आता चोराले बी काम नाही अन् मलेही काळजी नाही."

मी त्याची नक्कल फार छान करायचो. टोपी काढायची, अडकवायची, पाठ वाकवायची आणि नाकात बोलायचं, "आधी आयका, मंग पाहा." स्टँडवरचे सगळे म्हणायचे, हुबेहूब. तो स्वतः समोर असला तरी मी करायचो. तोही हसायचा. ते तर मला अजिबात खपायचं नाही.

शेवटी एका रविवारी मी ठरवलं, आपणही ऐकवून पाहू. गाडीत एक वकील, त्यांची बायको आणि सासूबाई. त्या वळणावर मोटार थांबवली, इंजिन बंद केलं, म्हटलं, ऐका. घाट चढून रेडिएटर तापलेला. तो असा फुसफुसायला लागला की सासूबाईंनी डोळे मिटले, हात जोडले आणि म्हणाल्या, किती जवळ आहे हो! पुढे मोटार सुरू होईना. हँडल मारून मारून माझे दंड भरून आले. वकीलसाहेब सोवळ्यासारखं जपलेलं धोतर खोचून मागून ढकलायला लागले. तेवढ्यात जीप आली. तो उतरला, त्याचे प्रवासी उतरले, सगळ्यांनी मिळून माझी मोटार ढकलली. या गोष्टीबद्दल तो स्टँडवर कधी चकार शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. फिट्टंफाट झाली असती. असल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

आता खरं दुखणं सांगतो.

माझी बायको अकोल्याची. लग्न झाल्यापासून तिची एकच मागणी, चिखलदरा दाखवा. मी म्हणायचो, काय आहे तिथे? झाडं आणि पाणी. ती म्हणायची, "मंग लोकं काहून जातात?" पावसाळ्यातले रविवार भाड्याचे. उन्हाळ्यात मी मोकळा, तर धबधबा कोरडा. असं करता करता साऱ्या जिल्ह्याला चिखलदरा दाखवला आणि घरचं माणूस राहिलं.

एका भाद्रपदात मी एका कुटुंबाला घेऊन कौंडण्यपूरला गेलो होतो. संध्याकाळी घरी आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या आजी म्हणाल्या, गल्लीतल्या बाया मिळून चिखलदऱ्याला गेल्या, जीप ठरवून. मी ओट्यावर बसलो. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी इतका पेटलो नसतो. तिने नेमकी त्याची जीप गाठली. तीही आता त्या वळणावर डोळे मिटून बसली असेल, परत येऊन जन्मभर त्याचंच सांगेल, हे मनात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

ती आली. पायांना चिखल, केस विस्कटलेले, चेहरा मात्र शांत. मी विचारलं, "पाह्यला धबधबा?" ती म्हणाली, "जाऊन आली," आणि चुलीकडे गेली. भाकरी वाढली, कौंडण्यपूरला गर्दी होती का म्हणून विचारलं. चिखलदऱ्याबद्दल एक शब्द नाही. मी तिच्याकडे पाहत भाकरी चावत होतो. मला वाटलं, इतकं आवडलं की सांगवतही नाही.

सकाळी सरळ स्टँडवर गेलो. तो जीपच्या चाकांवर पाणी मारत होता. मी विचारलं, माझ्या घरच्या माणसाला नेताना मला विचारलं का नाही?

"इचारलं असतं तं तुमी येऊ देल्लं असतं?" तो म्हणाला. मग त्याने बादली खाली ठेवली. "भाऊ, तुमच्या बाईनं धबधबा पाह्यलाच नाही."

मग त्याने सांगितलं ते असं. ती पुढे बसली होती. साऱ्या घाटात तिने त्याला एकसारखं भंडावून सोडलं होतं. इथे हे हॉर्न देतात का? हे वळण यांना जड जात असेल ना? पाऊस असला की काच कशी पुसतात? भीमकुंडाच्या अलीकडे त्याने जीप थांबवली, टोपी काढली, सगळ्या बाया गप्प होऊन ऐकायला लागल्या, आणि हिने हळूच विचारलं, यांची मोटार कुठे उभी राहते? त्याने जांभळाचं झाड दाखवलं. बाया धबधब्याकडे गेल्या. ही झाडाकडे गेली आणि मी ज्या दगडावर विडी ओढत बसतो त्या दगडावर सगळ्या परत येईपर्यंत बसून राहिली.

"मी म्हनलं, बाई, चाला, लोकं दुरून पाहाले येतात. तं म्हनते, पाहीन तं ह्यांच्यासंगं पाहीन." त्याने टोपी काढून हातात घेतली. "माह्या गाडीत बसून धबधब्याले पाठ दाखवून वापस आलेलं असं मानूस मी पाह्यलं नव्हतं. मी जळलो भाऊ तुमच्यावर. माह्या घरी कोनी इचारतही नाही, जीप कुठी जाते म्हनून."

तुम्हाला वाटेल, हे ऐकून मी विरघळलो. अजिबात नाही. उलट जास्त भडकलो. माझ्या बायकोच्या मनातलं मला या माणसाच्या तोंडून कळावं? आणि तिने विचारलं काय, तर मी कसा चालवतो, आणि विचारलं कुणाला, तर यालाच! त्यावर तो म्हणाला, पुढच्या रविवारी मी नेतो, तुम्ही दोघं मागे बसा, गाडीची काळजी माझ्यावर. मी म्हटलं, माझ्याकडे मोटार आहे. आणि वळलो.

आणि तुम्हाला एक सांगायचं राहिलं. इतकी वर्षं त्या डोंगरावर जाऊन भीमकुंड मीही पाहिलं नव्हतं. दगडावरून ते दिसत नाही. गाडी सोडायची नाही हा नियम. बायकोला मी सांगायचो, झाडं आणि पाणी, ते दुसऱ्यांचं ऐकून.

पुढचा रविवार गेला, तो पावसाळा गेला. तिला घेऊन त्या वळणावर जायचं म्हणजे त्याच्यापुढे मान खाली घालणं, असं मला वाटायचं. मग एस. टी. रोज घाट चढायला लागली. लोक बसने जायला लागले आणि आमच्या रांगेतल्या मोटारी एकेक करून कमी झाल्या. तो जीप घेऊन धारणीकडे एका जंगल ठेकेदाराच्या कामावर गेला. जाताना मला रामराम घातला. मी बॉनेट उघडून वाकलो होतो, तसाच वाकून राहिलो.

तो गेला म्हणजे आता लोक मला विचारतील, असा माझा हिशेब. पण येणारा पहिला माणूस विचारायचा, "ते ऐकवणारे कुठे गेले?" धारणीला बसूनसुद्धा तो माझी गिऱ्हाइकं पळवत होता.

दुसऱ्या पावसाळ्यात धारणीच्या बसच्या कंडक्टरने तो वारल्याची बातमी आणली. तापाचं निमित्त झालं, दवाखाना दूर, रस्ता वाहून गेलेला. कुणीतरी मला म्हणालं, त्याची नक्कल कर ना एकदा. मी टोपी हातात घेतली. ती तशीच परत डोक्यावर घातली.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती निवडत असलेल्या तांदळात बोटं फिरवत बसली. मग मी म्हटलं, मोटार मी विकायला काढलीय. त्याआधी रविवारी आपण चिखलदऱ्याला जाऊ. भाडं आलं तरी घेणार नाही.

गेलो. ती पुढे बसली, माझ्या शेजारी. घाटात प्रत्येक वळणावर मी हॉर्न जरा जास्तच दिला. देवी झाली, तलाव झाला, तिने मला जोडे काढायला लावले, पाय बुडवले. गवळणीला मी खरवड मागितली आणि तिने दिली. मग ते वळण आलं. मी सरळ पुढे जाणार तेवढ्यात बायकोने माझ्या हातावर हात ठेवला.

"इथं थांबाचं असते."

थांबलो. इंजिन बंद केलं. माझा जीव रेडिएटरमध्ये अडकलेला, पण तो शहाण्यासारखा गप्प राहिला. ती म्हणाली, "त्यायच्यासारखं म्हना."

मी टोपी काढली, स्टिअरिंगवर अडकवली, पाठ वाकवली आणि मागे न बघता म्हटलं, "आधी आयका, मंग पाहा." हुबेहूब झालं. तिने डोळे मिटले. माझ्या शब्दांवर ती अशी कधी डोळे मिटून बसली नव्हती, आणि खोटं कशाला बोलू, तेव्हासुद्धा पोटात दुखलंच. पण वळणापलीकडून आवाज येत होता. इतकी वर्षं तो नुसता कानावर पडायचा, लक्ष देऊन मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ऐकता ऐकता मला दिसेनासं झालं.

मग मोटार जांभळाखाली लावली आणि दगडावर बसायच्या ऐवजी तिच्याबरोबर चालायला लागलो. धबधबा कसा होता ते मी सांगणार नाही, तुम्ही जाऊन पाहा. आम्ही दोघं खूप वेळ उभे होतो. ती ओली झाली, मी ओला झालो, आणि तिने माझा हात चारचौघांत धरला.

परत आलो तर मोटारीची स्टेपनी गायब.

मी आजूबाजूला पाहिलं, झाडामागे पाहिलं, कपाळाला हात लावला. बायको हसत हसत मटकन त्या दगडावर बसली. हसणं आवरलं तेव्हा पदराने डोळे पुसत म्हणाली, "झाले तुमी एकदाचे त्यायच्याबरोबरीचे."