सस्पेंशन हार्ड? हव!

“वानखेडे मॅडम, तुमच्या रायपूरनं माझी बाजू जिंकून दिली,” चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवत देवधर म्हणाले. “सगळ्यांना गाडी हार्डच हवी आहे. एकजात सगळ्यांना!”

मी हसले, पण आतून काही पटलं नाही. तेलीबांध्याच्या आमच्या मोटरसायकल शोरूममध्ये मी कस्टमर मॅनेजर आहे. गाडी विकली की कंपनीचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. कोणाची कंबर धरली, कोणाचा क्लच जड झाला, सगळे माझ्यासमोर येऊन बसतात. इतक्या वर्षांत हार्ड गाडी मागायला एकही माणूस आलेला नाही.

देवधर पुण्याचे, कंपनीत प्रॉडक्ट इंजिनिअर. त्यांनी नवी मिडलवेट स्पोर्ट बाइक आणली होती. मिडलवेट म्हणजे ऑफिसला जायच्या बाइकपेक्षा पुष्कळ ताकदवान, पण रेसच्या राक्षसी मशीनपेक्षा आटोपशीर. ती बाजारात यायला अवकाश होता. आमच्या जुन्या ग्राहकांना ती चालवायला द्यायची, त्यांना काय वाटलं ते ऐकायचं आणि त्यावरून सेटअप पक्का करायचा, असं ठरलं होतं. सेटअप म्हणजे सस्पेंशन किती कडक, हँडल किती खाली, सीट किती उंच. यावर कंपनीत दोन तट पडले होते. देवधर ट्रॅकवाले. गाडी कडक असली की वळणावर रस्त्याला चिकटून राहते, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या तटाला ती रोज चालवता येईल इतपत नरम हवी होती. संध्याकाळी देवधर पुण्याला फोन करणार आणि सेटअप लॉक होणार. मग कारखान्यातून निघणारी प्रत्येक गाडी तशीच.

गाडीला मात्र नावं ठेवायला जागा नव्हती. मी स्वतः नवा रायपूरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आले. ते रुंद, गुळगुळीत, रिकामे रस्ते कोणासाठी बांधलेत हा प्रश्न मला नेहमी पडायचा. त्या दिवशी उत्तर मिळालं. इंजिन दोन सिलिंडरचं, पण ते सारख्या अंतरानं पेटत नाहीत, जरा लंगडत पेटतात. त्यामुळे नुसता कर्कश आवाज येत नाही, छातीत धडधडणारा, भरलेला आवाज येतो. क्विकशिफ्टर म्हणून एक सोय आहे. क्लच न दाबता गिअर टाकायचा, आणि तो लोण्यासारखा पडतो. माझं वय काय, मी करतेय काय, हे त्या सरळ रस्त्यावर मी साफ विसरले. परत आले तेव्हा आमचा सेल्सवाला पंकज गेटवर उभा होता. तो म्हणाला, “मॅडम, तुमी हसून काहून राहिल्या?” मी हेल्मेट काढायचंच विसरले होते, आणि त्यातूनही त्याला माझं हसू दिसलं होतं.

रायडर परत येत होते तेही तसेच, चेहरे उजळलेले. “दीदी, मक्खन!” असं ओरडत एकजण तर गाडीवरून उतरेचना. त्यामुळे लोकांना गाडी आवडली यात शंका नव्हती. माझी शंका त्या हार्डबद्दल होती.

“साहेब, काय म्हणाले नेमके? मले ऐकू द्या ना,” मी म्हटलं.

देवधरांनी सगळ्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. “तुमच्याकडच्या मराठीचं मला कौतुक वाटतं हं,” ते म्हणाले. “साहू, वर्मा, सगळे मराठीत उत्तर देतात. लिंगाचा घोळ घालतात जरा, गाडी हवी म्हणायच्या ऐवजी हवं म्हणतात. पण भावना पोचते.”

मला अजूनही उलगडा झाला नाही. त्यांनी रेकॉर्डिंग लावलं. देवधरांची विचारायची पद्धत अशी, जणू दुकानात सामान मागताहेत.

“सस्पेंशन, हार्ड?”

“हव, सर.”

“हँडल, लो?”

“हव.”

“सीट, हाय?”

“हव, हव.”

मला हसू फुटलं. मग संध्याकाळचा पुण्याचा फोन आठवला.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. छत्तीसगढीत ‘हव’ म्हणजे ‘हो’. बस्स. भाजीवाली म्हणते, रिक्षावाला म्हणतो, मीही दिवसभर म्हणते. माझे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी वर्ध्याहून इकडे आले, मी इथेच वाढले. ‘हव’ माझ्या तोंडात इतकं बसलंय की त्यात ‘हवं’ ऐकू येऊ शकतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. देवधर विचारत होते, हार्ड हवी का? समोरच्याला ऐकू येत होतं, हार्ड आहे का? तो बिचारा खरं सांगत होता. हो, हार्ड आहे. हो, हँडल फार खाली आहे. हो, सीट उंच आहे.

मी सांगितलं, तरी देवधरांना पटेना. “वैतागलेला माणूस असा हसत सांगेल का, मॅडम?”

“ते इंजिनवर खूश आहेत म्हणून हसून राहिले, साहेब. आणि पाहुण्याच्या वस्तूले तोंडावर वाईट म्हणायची इकडे रीत नाही.”

खात्री करायला मी पुरुषोत्तम साहूंना बोलावलं. ते उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये शिफ्ट इनचार्ज आहेत, आमचे जुने ग्राहक. गेल्या वर्षी त्यांची पाठ धरली होती, आठवडाभर झोपून होते. घरी एकच बाइक ठेवायची असं वहिनींनी बजावलं होतं, म्हणजे रविवारी नवा रायपूरला जी उडवायची त्याच गाडीनं सोमवारी मिलमध्ये जायचं. या गाडीवर त्यांचा जीव जडला होता. सकाळपासून तिसऱ्यांदा तिच्याभोवती घुटमळत होते.

“साहू भैया, सरांना खरं खरं सांगा,” मी हिंदीत म्हटलं.

साहूंनी देवधरांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बहुत बढ़िया है, सर.”

झालं! देवधरांनी माझ्याकडे विजयी नजर टाकली. मला साहूंचा असा राग आला की सांगता सोय नाही. पण वाद घालून काही होणार नव्हतं. सगळ्यांनी गाडी चालवली होती ती नवा रायपूरच्या गालिच्यावर. देवधरांनीही.

“साहेब, फोन करायच्या आधी एक चक्कर मारा,” मी म्हटलं. “साहू भैया रोज जातात त्या रस्त्यानं.”

पुढे साहू त्यांच्या जुन्या बाइकवर, मध्ये देवधर नव्या गाडीवर, मागे मी स्कूटरवर. भनपुरीपर्यंत बरं चाललं होतं. मग ट्रकांची रांग लागली, डांबर संपलं आणि खड्डे सुरू झाले. तिथून उरल्यापर्यंत रस्ता म्हणजे लोखंडाची धूळ आणि ट्रकच्या चाकांनी पाडलेल्या नाल्या. देवधर हँडलवर ओणवे होऊन एकेक दणका मनगटावर घेत होते. एवढी देखणी गाडी बैलगाडीच्या चालीनं जात होती. एका ठिकाणी मी स्कूटरवरून तिच्या पुढे निघून गेले. देवधरांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

मिलच्या गेटसमोर चहाची टपरी आहे. तिथे ते उतरले. दोन्ही हात कंबरेवर ठेवून त्यांनी पाठ सरळ केली.

“साहूजी,” ते म्हणाले, “आप रोज़ इसी रास्ते से आते हैं?”

“हव, सर.”

देवधर या वेळी हसले नाहीत. टपरीच्या बाकावर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा पूर्ण वाक्यात प्रश्न विचारला. “ये गाड़ी आपकी होती, तो आप इसमें क्या बदलते?”

साहूंनी गाडीच्या टाकीवरची धूळ पुसली. मग सगळा संकोच सोडून बोलले, “सर, इंजन को हाथ मत लगाना. ऐसा इंजन मैंने देखा नहीं. बस, मेरी पीठ को माफ कर दो.”

देवधरांनी डिकीतून पाना काढला, म्हणजे माझ्या स्कूटरच्या डिकीतून, आणि मागच्या सस्पेंशनचा प्रीलोड कमी केला. प्रीलोड म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून बसवली आहे ते. साहू फेरी मारून आले. “थोडा आराम है,” म्हणाले. देवधरांनी मान हलवली. “हे तात्पुरतं आहे. स्प्रिंगच मऊ घ्यावी लागेल. हँडलही वर उचलावं लागेल.” मग तिथूनच, ट्रकांच्या हॉर्नमध्ये, एका कानात बोट घालून त्यांनी पुण्याला फोन लावला.

“हो सर, दुपारच्या मेसेजमध्ये मी वेगळं लिहिलं होतं... नाही, रायडर तेच आहेत... सर, मी मराठी ऐकत होतो आणि ते छत्तीसगढी बोलत होते.”

स्वतःच्या तटाविरुद्ध असं उभं राहायला मन मोठं लागतं. मला त्या क्षणी हा माणूस गाडीइतकाच आवडला.

गाडी बाजारात आली ती उंच हँडल आणि मऊ स्प्रिंग घेऊन. सीट तेवढी उंचच राहिली. इंजिनला कोणी हात लावला नाही. साहूंनी गाडी घेतली, आणि त्यांच्या पाठीची तक्रार माझ्या टेबलावर अजून आलेली नाही.

मागच्या महिन्यात देवधरांचा फोन आला. पुढच्या मॉडेलची टेस्ट राइड ओडिशात आहे. “वानखेडे मॅडम, या वेळी तयारीनं जातोय. तिकडे ‘हो’ला काय म्हणतात ते शोधून ठेवलंय.”

“‘हो’चं सोडा, साहेब,” मी म्हटलं. “ते कामाले कोणत्या रस्त्यानं जातात ते विचारा. अन् आधी तुमी जाऊन या.”