थांबायला शिकलेली मोटार

आमच्या मोटारीला थांबता येत नाही, हे मला लग्न होऊन कामरगावात आल्यावर बरेच दिवस कुणी सांगितलं नव्हतं. ती कशी पळते, तिच्यात माणसं किती कोंबता येतात, कारंज्याला लहान आगगाडीच्या वेळेवर कशी पोचते, हे सगळं ऐकून कान किटले होते. थांबण्याचा विषय कुणाच्या तोंडी नाही.

धनी, म्हणजे माझा नवरा, ती मोटार भाड्याने चालवायचे. वर कापडी टप, बाजू उघड्या, कुण्या जमीनदाराच्या दारात म्हातारी होऊन मग आमच्या दारात आलेली. तिचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. सपाट रस्त्यावर तेवढे पुरायचे. पण गावाबाहेर नाल्याचा उतार आहे, उताराच्या तळाशी पाण्यातून जाणारा दगडी रपटा, आणि रपट्यापलीकडे लगेच चढण. मोटार माणसांनी भरली असली की या उतारावर मागची चाकं धरली जायची आणि मोटार तशीच घसरत खाली यायची. धनी आधीच खालचा गिअर टाकायचे, हँडब्रेक ओढायचे, देवाचं नाव घ्यायचे आणि उतरायचे. मला वाटायचं, मोटार अशीच उतरवत असतील.

एका दुपारी रपट्यावर कापसाची बैलगाडी अडलेली होती आणि मोटार थांबली नाही. धन्यांनी चाक फिरवून ती कडेच्या मातीत घातली. मोटार कलंडली, एका बाईचा हात मोडला, धन्यांचं कपाळ फुटलं. कुणी मेलं नाही, हे नशीब. डोक्याला पागोट्याचं फडकं बांधून धनी पायी घरी आले.

"काय झालं?"

"थांबली नाई."

एवढंच. मग हातपाय धुतले, भाकर खाल्ली आणि म्हणाले, "उद्या बैलं लावून काढतो. परवापासून पुन्हा कारंजा."

मला भीती वाटली असेल असं कुणालाही वाटेल. भीती नंतर. आधी अंगाची लाही लाही झाली. कपाळ फुटलेला माणूस परवाच्या गोष्टी करून राहिला होता, आणि परवा तोच उतार, तीच मोटार. माझ्या मनात त्याच घडीला पक्कं झालं. ही मोटार एक तर थांबायला शिकेल, नाही तर दारात सडेल. मला माझा माणूस संध्याकाळी घरी पाहिजे होता, बस.

मोटार दारात ओढून आणली त्या दिवशी मी तिचं हँडल काढलं, ज्याने समोरून फिरवून ती चालू करायची ते, आणि तुरीच्या कणगीत तळाशी पुरून टाकलं.

"हँडल पायलं का वं?" धन्यांनी सगळं घर उलटंपालटं केल्यावर विचारलं.

"पायलं."

"मंग दे न."

"मोटार थांबाले शिकली की देते."

आधी हसले. मग आवाज चढवला. मग न जेवता ओट्यावर जाऊन बसले. मी पोटभर जेवले. रागात मला भूक जास्तच लागते. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. शेवटी कंटाळून माझ्याजवळ येऊन बसले आणि पहिल्यांदा मला मोटारीतलं काही नीट समजावून सांगितलं. नव्या मोटारींना चारी चाकांना ब्रेक असतात. अमरावतीच्या एका कबाड्याकडे आपल्याच कंपनीची, पण अलीकडच्या घडणीची मोटार पडलीय. लॉरीनं मागून ठोकलेली. मागचं चिपाड झालं, पुढचा आस मात्र चाकं आणि ब्रेकसकट शाबूत आहे. तो आपल्या मोटारीखाली बसला तर बसेल.

"मंग आना न."

"कायनं आनू?"

मी गोठ्याकडे पाहिलं. पैशाचं कसं जमलं ते सांगत बसत नाही. आमची दुभती म्हैस गेली, एवढंच सांगते. पुढे कितीतरी महिने घरात काळा चहा होता, आणि कुणी तोंड वाकडं केलं की मी म्हणायची, ब्रेक गोड लागतो का ते पाहा.

तो आस आणला मामाजींनी. मामाजी म्हणजे माझे सासरे. उभा जन्म बैलगाडीवर गेलेला, कापूस भरून कारंज्याच्या जिनात न्यायचे. मोटारीशी त्यांनी उभा दावा मांडला होता. "जिले जीव नाई ते आपलं काय आयकन?" असं म्हणायचे आणि तिच्यात कधी पाय ठेवायचे नाहीत. त्यांची गाडी म्हणजे आमच्या गावचा दाखला. ती गेलेली कुणाला ऐकू यायची नाही. एरंडीच्या तेलात काड्यांची राख कालवून ते वंगण करायचे आणि बांबूच्या नळ्यात भरून गाडीखाली टांगायचे. आमच्याकडे करकरणारं चाक म्हणजे घरच्या माणसाची अब्रू गेली. करकरत कुणी गेला की पाणवठ्यावरच्या बायकासुद्धा विचारायच्या, घरात तेल नाही का तेल लावणारा नाही? मामाजींना उभ्या जन्मात असं कुणी विचारलं नव्हतं.

म्हशीचं कळलं तेव्हा त्यांनी गाडी जुंपली, अमरावतीला गेले, तो लोखंडी आस कडब्यात नीट गुंडाळून आणला आणि अंगणात उतरवून बैलांना पाणी दाखवायला निघून गेले.

मग कामाला लागलो. लागलो म्हणते, कारण मीही होते. निंबाखाली मोटारीचं तोंड ओंडक्यांवर उचललं, जुना आस काढला. नवा थोडा रुंद निघाला, स्प्रिंगच्या कमानपाट्यांवर नीट बसेना. गावच्या लोहारानं पट्ट्या ठोकून दिल्या, त्या पुन्हा तापवल्या, पुन्हा ठोकल्या. पायाच्या पेडलपासून पुढच्या चाकांपर्यंत सळ्या जायच्या होत्या. कबाड्याच्या सळ्या आखूड पडल्या. धन्यांनी जिनातल्या भंगारातून लांब सळ्या आणून त्यांना आटे पाडले. एकदा बसवलं, घासलं. काढलं. पुन्हा बसवलं. धनी दमले की मी कणगीकडे नुसती नजर टाकायची.

सगळ्यांत कठीण ते जुळवणं. पेडल दाबल्यावर पुढची दोन्ही चाकं एकदम धरली पाहिजेत, आणि दोन्ही सारखी. नाही तर मोटार एकीकडे ओढ घेते. त्यासाठी पेडल दाबायला माणूस हवा. गावातल्या बाप्यांना सांगितलं तर ते सगळा जीव लावून दाबायचे. म्हणून मी लुगड्याचा पदर खोचला आणि वर जाऊन बसले. रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. पाहा म्हटलं.

"दाब," धनी खालून ओरडायचे.

"किती दाबू?"

"जरासं."

"जरासं म्हंजे?"

"कनीक मळतं तेवढं."

"पुरनाची का पोयीची?"

खालून हसण्याचा आवाज यायचा. मग ते हाताने एक चाक फिरवायचे, दुसरं फिरवायचे, सळीचा नट अर्धा फेर आवळायचे, आणि पुन्हा "दाब". संध्याकाळी माझी पोटरी दगड झालेली असायची. पण चाक धरतं कधी आणि सुटतं कधी, हे हळूहळू मला तळपायातूनच कळायला लागलं.

रामनवमीला पोहरादेवीची जत्रा. नाल्यापलीकडच्या तांड्यातल्या लोकांना धन्यांनी शब्द दिला होता, तुम्हांला मोटारीतून नेतो. बायका, म्हाताऱ्या, कडेवरची पोरं. जत्रा जवळ आली तशी त्यांची घाई सुरू झाली. मी म्हटलं, आधी पोती. म्हणून जत्रेच्या आदल्या दिवशी मोटारीत सरकीची पोती भरली, मी हँडल काढून दिलं, आणि सगळं गाव उताराच्या तोंडाशी जमलं.

मोटार खाली निघाली. अर्ध्यावर धन्यांनी पेडल दाबलं, आणि असा आवाज निघाला की बैल दावं तोडायला लागले. लांब, चिरका. पण मोटार थांबली. उताराच्या ऐन मध्यावर, पोत्यांसकट, उभी. धन्यांनी सोडली, पुन्हा दाबली, पुन्हा किंकाळी, पुन्हा उभी. मला रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि मी पुसलंही नाही.

गावाला हसायला निमित्त मिळालं. "काय गा, मोटारीचं पोट दुखते का?" "घरात तेल नाई का?" धनीही हसत होते. मामाजी गर्दीच्या मागे उभे होते. ते हसले नाहीत.

जत्रेच्या दिवशी सकाळी मी धन्यांना म्हटलं, मी बसते. तांडा नाल्यापलीकडे. माझ्यासकट एकदा उतरली म्हणजे मग त्या लेकराबाळांना बसवा. धनी म्हणाले, काल पायलं न. मी चढून बसले.

उतारावर धन्यांनी पेडल दाबलं. आवाज आला नाही.

मला आधी बरं वाटलं, हे खरं. वाटलं, सुधारलं वाटतं. मग कडेची बाभळ झपकन मागे गेली. धन्यांचा पाय तळापर्यंत गेला होता. त्यांनी हँडब्रेक ओढला, तोही मागच्याच चाकांवरचा, तोही गेला. मोटार लोण्यावरून घसरावी तशी निघाली होती. रपटा मोकळा होता म्हणून आज हे लिहून राहिले. पाणी उडवत आम्ही पार झालो, पलीकडच्या चढणीवर चढलो, जोर सरला, आणि मोटार उलटी यायला लागायच्या आत मी उडी टाकून मागच्या चाकाखाली धोंडा सरकवला. वर तांड्यातले लोक नवी कापडं घालून आमची वाट पाहत उभे होते. त्यांतल्या एका म्हातारीच्या कडेवर पोर होतं. ते पाहिलं आणि मी तशीच धोंड्याजवळ खाली बसले.

धन्यांनी तिथंच चाक उतरवलं. चाक धरणाऱ्या आतल्या पट्ट्यांवरून काळं ओघळत होतं. मी बोट लावून नाकाशी नेलं. एरंडी. दुसऱ्या चाकात तेच. चारींत तेच.

मी चालत घरी आले. धनी हाका मारत मागून येत होते. मामाजी ओट्यावर बसले होते. त्या काळी सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायची रीत नव्हती. पदर डोक्यावर होता, तोंड उघडलं.

"मामाजी, चाकाले वंगन लावलं का?"

"लावलं," ते म्हणाले. आवाजात जरा समाधानच होतं. "चारी चाकाले. फटीतून सोडलं, आत पोचलं पायजे न. सारं गाव हासून राह्यलं होतं सूनबाई. माह्या पोराचं चाक करकरते म्हनून. मोटारीतलं मले काही समजत नाई, पन चाक समजते."

मी रागाने तोंडाला येईल ते बोलणार होते. त्यांचे हात पाहिले. कोपरापर्यंत काळे होते, अजून धुतलेही नव्हते. ज्या मोटारीला त्यांनी कधी हात लावला नाही, तिच्याखाली हा माणूस पहाटे आडवा झाला होता.

"मामाजी, ते चाक फिराचं नाई, धराचं हाय," मी म्हटलं. "घासलं तरच थांबते. वरडते तेच बरं हाय तिचं. आज ते वरडली नाई. तुमचं पोरगं आन मी, दोघंबी वाचलो, रपटा मोकळा होता म्हनून."

त्यांनी आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं. मग विचारलं, "तूबी होती तिच्यात?"

"होती."

ते उठले. घासलेटचा डबा घेतला, चुलीतली राख घेतली आणि नाल्याकडे निघाले. चारी चाकांचे पट्टे त्यांनी स्वतः धुतले, राखेने घासले. धन्यांनी सांगितलं तसं निखाऱ्यांवर धरून आतलं तेल जाळून काढलं. तांड्यातले लोक भोवती बसून पाहत होते. उशीर झाला म्हणून कुणी कुरकुर केली नाही. पट्टे पुन्हा चढवले, मी पेडल दाबलं, धन्यांनी चाकं फिरवून पाहिली. मग मोटार वळवून पुन्हा गावाकडच्या उताराच्या माथ्यावर नेली.

मी चढायला गेले तर मामाजींनी मला हाताने मागे केलं. धोतर सावरलं आणि धन्यांच्या शेजारी जाऊन बसले. जन्मात पहिल्यांदा. समोरची पट्टी दोन्ही हातांनी धरली होती.

मोटार निघाली. अर्ध्यावर ती किंचाळली, आदल्या दिवशीपेक्षाही जोरात, आणि जागच्या जागी उभी राहिली. मी माथ्यावर उभी होते, तिथे मला मामाजींचा आवाज ऐकू आला. "वरडू दे तिले," ते धन्यांना म्हणत होते. "आनखी वरडू दे."

त्या रामनवमीला आम्ही पोहरादेवीला उशिरा पोचलो, पण सगळे पोचलो.

पुढे कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमाराला उतारावरून तो चिरका आवाज यायचा आणि मी भाकरी तव्यावर टाकायची. मामाजी थकले, त्यांच्या कानाने काम सोडलं. धनी आले का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. ओट्यावर बसून माझ्या तोंडाकडे पाहायचे आणि विचारायचे, "वरडली का वं?" मी मान हलवून "वरडली, मामाजी" म्हणेपर्यंत ते ताटावर बसत नसत.